अक्षरं कळतात, पण टाके जुळत नाहीत: विणकामाच्या पॅटर्नमधली नेहमीची अडचण

दिवाळी आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि पहाटे चादर ओढावीशी वाटायला लागली, की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात. कोणाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते, कोणाला नातवासाठी टोपडं-मोजे करायचे असतात. सुलट आणि उलट टाका बहुतेक जणींच्या हातात असतो, आई-आत्याकडून बघून बघून शिकलेला. मग कोणीतरी मोबाईलवर इंग्रजी पॅटर्न दाखवतं, तालुक्याच्या गावाहून त्याची झेरॉक्स येते, आणि दर हिवाळ्यात तीच तक्रार ऐकू येते: "अक्षरं सगळी कळली, पण टाके जुळत नाहीत."

अशा वेळी अक्षरांचा तक्ता पाठ करायला सांगण्याची पद्धत आहे. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. तक्ता पाठ असलेल्या मुलीही नेमक्या तिथंच अडकतात. अक्षर कशाचं आहे ते तक्त्यात मिळतं, पण त्या अक्षरानं सुईवरच्या टाक्यांची संख्या किती होते ते मिळत नाही. म्हणून मी प्रत्येक अक्षरापुढे दोन आकडे लिहायला लावते: डाव्या सुईवरून किती टाके घेतले आणि उजव्या सुईवर किती दिले. हे दोन आकडे असले की ओळ विणण्याआधीच तिचा ताळा करता येतो. चूक झालीच, तर ती कोणत्या अक्षराची हेही शेवटच्या आकड्यावरून कळतं.

पॅटर्न इंग्रजी लिपीत असतो. इथं मी त्यातली अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. छापील कागद शेजारी ठेवून वाचलंत तर लगेच ओळखू येतील. आपण बोलताना "एक सुई सुलट, एक सुई उलट" म्हणतो, पण घोळ नको म्हणून इथं त्याला ओळ म्हणते.

सोपी अक्षरं आधी उरकून घेऊ. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट, आणि अक्षराला चिकटलेला आकडा टाक्यांचा: के४ म्हणजे चार टाके सुलट. एसटी म्हणजे टाका, एसटीएस म्हणजे टाके. सीओ म्हणजे टाके घालणे, बीओ म्हणजे टाके बंद करणे; इंग्लंडच्या पॅटर्नमध्ये बंद करण्याला कास्ट ऑफ लिहितात. एसटी एसटी असं दोनदा आलं तर ते दोन टाके नव्हेत, ती एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी नेहमीची वीण आहे. जी एसटी म्हणजे सगळ्या ओळी सुलट. रेम म्हणजे उरलेले, बेग म्हणजे सुरुवात, कॉन्ट म्हणजे असंच चालू ठेवा, पॅट म्हणजे ठरलेल्या नमुन्याप्रमाणे. यांवर फारसं कोणी अडत नाही.

आता दोन आकड्यांचं सांगते. के१ किंवा पी१: एक घेतला, एक दिला. के२टॉग: दोन घेतले, एक दिला, आपण ज्याला दोनाचा एक करणं म्हणतो तेच हे. पी२टॉग: तेच, उलट बाजूनं. एसएसके: दोन घेतले, एक दिला. एसएल१, के१, पीएसएसओ: हेही दोन घेऊन एक देणं, कारण न विणता घेतलेला टाका विणलेल्या टाक्यावरून पलीकडे टाकून द्यायचा असतो. एसएल१, के२टॉग, पीएसएसओ: तीन घेतले, एक दिला. वायओ, म्हणजे धाग्याचा फास सुईवर घेऊन नवा टाका करणं: काहीच घेतलं नाही, एक दिला. एम१, म्हणजे एक टाका वाढवणं: हेही शून्य घेऊन एक. केएफबी: एक घेतला, दोन दिले, कारण एकाच टाक्यात आधी पुढून आणि मग मागून विणतो. नुसतं एसएल१: एक घेतला, एक दिला, फक्त विणला नाही.

पेन्सिलीनं हे आकडे पॅटर्नच्या समासातच लिहा. घेतलेल्यांची बेरीज सुईवर असलेल्या टाक्यांएवढी आलीच पाहिजे. दिलेल्यांची बेरीज म्हणजे ओळ संपल्यावर हाती राहणारे टाके. चांगल्या पॅटर्नमध्ये ओळीच्या शेवटी कंसात हा दुसरा आकडा छापलेला असतो. तो असेल तर तुमच्या बेरजेशी ताडून पाहा. नसेल तर स्वतः लिहून ठेवा.

टोपड्याला रिबीन ओवायची जाळी असते, तिची ओळ बहुधा अशी येते: के२, मग तारा (*), वायओ, के२टॉग, के२, आणि पुढं "रेप फ्रॉम तारा टू एंड", म्हणजे ताऱ्यापासूनचा तुकडा ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. समजा सुईवर ४२ टाके आहेत. सुरुवातीचे दोन सुलट झाले, उरले ४०. ताऱ्यापासूनच्या तुकड्यात वायओ काही घेत नाही, के२टॉग दोन घेतो, के२ दोन घेतो. म्हणजे चार घेतले. दिले किती? एक, एक आणि दोन, म्हणजे चार. ४० ला ४ नं भाग जातो, तुकडा दहा वेळा बसतो आणि ओळ संपल्यावर टाके ४२ च राहतात. सुईवर ४४ असतील तर शेवटी दोन टाके उरतील. तिथं ही ओळ वाचण्यात काही चुकलेलं नसतं. टाके घालताना किंवा मागच्या ओळीत गडबड झालेली असते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातली एक सून हीच ओळ घेऊन आली. "मावशी, काल ४२ होते जी, आज ५२ कसे झाले?" तिच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उसव सगळं, पुन्हा घाल टाके." उसवायची काहीच गरज नव्हती. दहा टाके वाढले होते आणि तुकडाही दहा वेळाच आला होता, म्हणजे प्रत्येक तुकड्यात एक टाका जास्त. वायओ तर बरोबर झाला होता, जाळीची भोकं स्पष्ट दिसत होती. मग राहिला के२टॉग. तिनं त्यातला के२ एवढाच वाचला होता आणि दोन्ही टाके वेगवेगळे सुलट विणले होते. टॉग हा शब्द झेरॉक्समध्ये पुसट आला होता.

त्याच ओळीत ५२ ऐवजी ३२ आले असते, तर चूक दुसऱ्या अक्षराची ठरली असती. प्रत्येक तुकड्यात एक टाका कमी पडतो याचा अर्थ के२टॉग नीट झाला, पण वायओचा फास सुईवर पडलाच नाही. धागा पुढं घेतला आणि विणण्याआधी परत मागं नेला. आणि ओळ संपताना ४२ बरोबर होते, पण पुढची उलट ओळ विणून झाल्यावर ३२ भरले, तर परतीच्या ओळीत वायओचे फास विणायचे राहून गेले. नवख्या हाताला तो फास टाका वाटत नाही, सैल पडलेला धागा वाटतो, म्हणून तो सुटतो. म्हणजे किती टाके भरले आणि ते कोणत्या ओळीनंतर, यावरून तिन्ही चुका वेगळ्या ओळखता येतात. ४४ भरले तर के२टॉग फक्त दोन ठिकाणी राहिला आहे, आणि तेवढीच दोन ठिकाणं शोधायची.

वायओबद्दल आणखी सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त उसवाउसव याच एका अक्षरापायी होते. अमेरिकेच्या पॅटर्नमध्ये सगळीकडे वायओच लिहितात. इंग्लंडच्या, विशेषतः जुन्या पॅटर्नमध्ये त्याच क्रियेला तीन नावं आहेत, आणि आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स फिरत असतात त्या बहुधा तिथल्याच. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये फास हवा असेल तर वायएफडब्ल्यूडी: धागा दोन सुयांच्या मधून पुढं आणायचा आणि तसाच पुढचा टाका सुलट विणायचा, विणताना धागा सुईवरून मागं जातो आणि फास आपोआप पडतो. दोन उलट टाक्यांच्या मध्ये हवा असेल तर वायआरएन: धागा आधीच पुढं असतो, तो उजव्या सुईवरून मागं नेऊन खालून पुन्हा पुढं आणायचा, म्हणजे पूर्ण एक वेढा. सुलटनंतर लगेच उलट येत असेल तिथंही वायआरएनच लागतो: धागा पुढं आणून मग वेढा. उलटनंतर सुलट येत असेल तर वायओएन: धागा पुढंच आहे, तो सुईवरून मागं नेत सुलट विणायचं. चारही ठिकाणी शून्य घेऊन एक दिला, हिशेब बदलत नाही. फक्त धागा त्या क्षणी पुढं आहे की मागं, यावरून हाताची हालचाल बदलते.

याच्याशी हमखास गल्लत होते ती डब्ल्यूवायआयएफ आणि डब्ल्यूवायआयबी यांची. यांत फास पडत नाही. धागा पुढं ठेवून किंवा मागं ठेवून टाका न विणता घ्यायचा, एवढंच सांगितलेलं असतं. पुढं एसएल दिसलं तर समजा की नवा टाका करायचा नाही, आणि नुसताच घेतलेला टाका विणण्याआधी धागा आपल्या जागी परत आणा.

एसएलचीही एक खोच आहे. नुसतं एसएल१ असेल आणि पुढं काही सांगितलं नसेल, तर सुई उलट टाक्यासारखी घालून टाका पलीकडे घ्यायचा. असं केल्यानं तो पिरगळत नाही. पण एसएल१, के१, पीएसएसओ असं दोनाचा एक करण्यासाठी आलं असेल, तर सुलट टाक्यासारखी सुई घालायची. टाक्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहील, त्यामुळे इथली चूक हिशेबात सापडत नाही. ती नजरेनंच पकडावी लागते.

नजरेनं पकडायची दुसरी गोष्ट म्हणजे कल. के२टॉग केलेला टाका उजवीकडे झुकतो. एसएसके डावीकडे झुकतो, आणि पीएसएसओवालाही डावीकडेच. दोन्ही दोनाचा एक करतात, म्हणून मुली म्हणतात, "एकच येतं ना, मग तेच दोन्हीकडे करू." स्वेटरच्या मुंढ्याला दोन्ही बाजूंना के२टॉग केलं तर टाके जुळतील, पण एका बाजूची रेघ नितळ येईल आणि दुसरीकडची दातेरी. बाळाच्या स्वेटरात हे फारसं डोळ्यावर येणार नाही. मोठ्यांच्या रॅगलन बाहीत, जिथं ती रेघ गळ्यापासून काखेपर्यंत जाते, तिथं मात्र नक्की येतं. एसएसके करायचं ते असं: दोन टाके एकेक करून, सुलटसारखी सुई घालून उजव्या सुईवर घ्या, मग डाव्या सुईचं टोक त्या दोघांत पुढून घाला आणि दोन्ही एकत्र विणा.

हे सगळं बरोबर करूनही काहींचे टाके पिरगळलेले दिसतात आणि कल नीट येत नाही. तेव्हा पॅटर्न सोडून आपल्या उलट टाक्याकडे पाहावं. आमच्याकडे अनेक जणी उलट विणताना धागा सुईच्या खालून ओढून घेतात; भरभर होतं म्हणून तशीच सवय लागलेली असते. त्यामुळे टाका सुईवर उलट्या बाजूनं बसतो. सुईवर बसलेल्या टाक्याला दोन पाय असतात. उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला यायला हवा. तो मागच्या बाजूला दिसत असेल तर धागा खालून घेतला जातो आहे. उलट विणताना धागा सुईच्या वरून खाली आणायचा. इंग्रजी पॅटर्नमधलं के२टॉग आणि एसएसके टाका असा बसलेला गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. ज्यांना सवय मोडायची नसेल त्यांनी सुलट ओळीत टाक्याच्या मागच्या पायात सुई घालून विणावं, तरी साधी वीण सरळ येते. मात्र मग दोनाचा एक करताना टाके आधी सरळ करून घ्यावे लागतात. मला स्वतःला सवय बदलणं सोपं वाटतं. चार दिवस हात अडखळतो, नंतर बसतो.

खुणांकडे येऊ. तारा आला की त्याच्यापासून पुढचा तुकडा पुन्हा पुन्हा. कंसात काही लिहून पुढं "३ टाइम्स" असेल तर कंसातलं सगळं तीनदा: (के१, पी१) ३ टाइम्स म्हणजे सहा टाके घेतले. "रेप फ्रॉम तारा ट्वाइस मोअर" म्हणजे एकदा झालंय, आणखी दोनदा करा, एकूण तीन. "रेप फ्रॉम तारा ३ टाइम्स" असेल तर पहिला धरून एकूण चार असा अर्थ बहुधा असतो, पण सगळे पॅटर्न लिहिणारे काटेकोर नसतात. तिथं घेतलेल्या टाक्यांची बेरीज करा. तीननं जुळते की चारनं, ते सुईवरचे टाकेच ठरवतील.

कंसाचा दुसरा उपयोग मापांसाठी. "४२ (४६, ५०, ५४)" असं असेल तर पहिला आकडा सगळ्यात लहान मापाचा आणि कंसातले पुढच्या मापांचे, ओळीनं. इथं बाळाच्या टोपड्याची पाठ एका मापाची आणि पुढची पट्टी दुसऱ्या मापाची झालेली मी पाहिली आहे. विणायला बसण्यापूर्वी पूर्ण पॅटर्न वाचून आपल्या मापाच्या प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. मोबाईलवर पाहून विणण्यापेक्षा कागदावर काढून घ्या असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. स्क्रीनवर गोल करता येत नाही, आणि संध्याकाळी लाईट गेली की मोबाईलची बॅटरी दुसऱ्या कामाला लागते.

घट करायच्या ओळींमध्ये अक्षरं थोडी आणि अर्थ मोठा असतो. "डेक १ एसटी अॅट ईच एंड ऑफ एव्हरी ऑल्ट रो अन्टिल ४० एसटीएस रेम." डेक म्हणजे कमी करा. ईच एंड म्हणजे ओळीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे एका ओळीत दोन टाके कमी होणार. नवख्या मुली "१ एसटी" वाचतात आणि एकाच टोकाला कमी करतात. मग मुंढा एका बाजूला उतरत जातो आणि दुसरी बाजू सरळ उभी राहते. ऑल्ट म्हणजे एक सोडून एक ओळ. सुईवर ६० असतील आणि ४० वर यायचं असेल, तर २० कमी करायचे, दर वेळी दोन, म्हणजे घटीच्या दहा ओळी. त्यांच्यामध्ये एकेक साधी ओळ, म्हणजे एकूण वीसेक ओळींचं काम. तिथं ऑल्टऐवजी "फॉल ४थ रो" असेल तर दर चौथ्या ओळीला, आणि तेच काम चाळीसेक ओळींचं होतं. दोन्हीकडे टाके शेवटी ४० च भरतील, पण एक मुंढा दुसऱ्याच्या दुप्पट उंच होईल. म्हणून घटीच्या भागात टाक्यांबरोबर ओळीही मोजाव्या लागतात. कागदाच्या कडेला घटीच्या प्रत्येक ओळीसाठी एक रेघ मारत गेलं तरी पुरतं.

आणि "अॅट द सेम टाईम" हे शब्द दिसले की थांबा. मुंढ्याची घट चालू असतानाच गळा सुरू करायचा असतो, पण ती सूचना मुंढ्याचं सगळं सांगून झाल्यावर, खाली कुठंतरी येते. वरचं सगळं विणून झाल्यावर ती वाचली तर खांद्यापर्यंत पोचलेलं अंग उसवावं लागतं. हे शब्द लाल पेननं अधोरेखित करून ठेवा.

आरएस म्हणजे वापरताना बाहेर दिसणारी बाजू, डब्ल्यूएस म्हणजे आतली. उजव्या-डाव्या हाताशी त्यांचा संबंध नाही. हातांसाठी आरएच आणि एलएच येतात. दोन्ही बाजू सारख्या दिसणाऱ्या विणीत आरएस कोणती ते विसरायला होतं, तर त्या बाजूला वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा अडकवून ठेवा. चौकटींचा तक्ता असेल तर तो खालून वर वाचायचा. आरएसची ओळ उजवीकडून डावीकडे, डब्ल्यूएसची डावीकडून उजवीकडे. तक्त्यात बहुधा बाहेरची बाजू कशी दिसते ते काढलेलं असतं, म्हणून सुलटची खूण आतल्या बाजूनं विणताना उलट विणायची. गोल सुईवर टोपी करत असाल तर प्रत्येक फेरी बाहेरूनच होते, त्यामुळे सगळ्या फेऱ्या उजवीकडून वाचायच्या, आणि एसटी एसटीसाठी सगळ्या फेऱ्या सुलटच विणायच्या.

वेणीच्या डिझाईनमधलं सी४एफ आणि सी४बी यांना बायका उगाच घाबरतात. चार टाके घेतले, चार दिले. फक्त जागा बदलल्या. सी४एफमध्ये पहिले दोन टाके जादा सुईवर घेऊन पुढं सोडायचे, पुढचे दोन सुलट विणायचे, मग जादा सुईवरचे दोन. वेणी डावीकडे वळते. सी४बीमध्ये जादा सुई मागं सोडायची, वेणी उजवीकडे वळते.

टाक्यांची बेरीज अगदी बरोबर, वीणही देखणी, आणि स्वेटर मात्र होतच नाही, अशीही तक्रार असते. तिथं गडबड सुईच्या नंबरात असते. आपल्या दुकानात मिळणाऱ्या सुयांवर जुना इंग्लंडचा नंबर असतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ नंबर ५ मिलिमीटरची, ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेचा नंबर याच्या उलट चालतो: त्यांची ६ नंबर ४ मिलिमीटरची, ८ नंबर ५ मिलिमीटरची, १० नंबर ६ मिलिमीटरची. अमेरिकेच्या पॅटर्नमध्ये "साईज ८" वाचून दुकानातून ८ नंबर सुया आणल्या तर त्या एक मिलिमीटर बारीक येतात आणि सगळं काम आखडतं. दुकानदाराला नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. बऱ्याच सुयांच्या डोक्यावर किंवा पाकिटावर ते लिहिलेलं असतं.

पॅटर्नच्या सुरुवातीला टेन्शन किंवा गेज असं लिहून दोन आकडे दिलेले असतात, ते वगळू नका. मध्यम जाडीच्या लोकरीसाठी ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी, असं ते असतं. ११० टाक्यांची पाठ या हिशेबानं ५० सेंटिमीटर रुंद होते. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर तीच पाठ ४६ सेंटिमीटरही भरत नाही. पुढच्या भागातही तेवढीच तूट येते, म्हणजे अंगात ८ सेंटिमीटरहून जास्त फरक. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणून त्यातले मधले १० मोजा. २४ आले तर एक नंबर जाड सुई घ्या.

हातातला पॅटर्न मुळात सुयांचा आहे की क्रोशाचा, हेही एकदा पाहून घ्या. त्यात सीएच, एससी, डीसी, टीआर अशी अक्षरं असतील तर ते क्रोशाचं काम आहे, सुयांवर कितीही प्रयत्न केला तरी जमणार नाही. क्रोशातही देश बघावा लागतो: अमेरिकेचा एससी तोच इंग्लंडचा डीसी, आणि अमेरिकेचा डीसी तोच इंग्लंडचा टीआर. पॅटर्नमध्ये एससी कुठंही सापडलं तर तो अमेरिकेचा समजा, कारण इंग्लंडच्या पद्धतीत ते अक्षरच नाही.

काही अक्षरांचा अर्थ पॅटर्न बदलला की बदलतो, आणि तिथं माझा किंवा कोणाचाही तक्ता कामाचा नाही. एम१ म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून तो मागून विणणं, म्हणजे भोक पडत नाही. पण काही जुन्या पॅटर्नमध्ये त्याच अक्षरानं साधा वायओ करायला सांगतात, म्हणजे भोक पडतं. के१बी कुठं टाक्याच्या मागच्या पायात विणायला सांगतो, कुठं खालच्या ओळीतल्या टाक्यात. अशा वेळी त्याच पॅटर्नच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावरची यादी पाहा. झेरॉक्स काढताना बहुतेक जणी फक्त विणायचं पान काढतात आणि यादीचं पान राहून जातं. दुकानदाराला दोन्ही पानं काढायला सांगा.

पहिल्यांदा पॅटर्न घेऊन बसणारीनं लोकर फिकट रंगाची घ्यावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाक्याचा पाय दिसत नाही, आणि संध्याकाळच्या उजेडात तर अजिबातच नाही. जाळी किंवा वेणी सुरू करण्याआधी, टाके बरोबर मोजून झालेल्या ओळीत स्वेटर शिवायच्या बोथट सुईनं वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवावा. पुढं कितीही चुकलं तरी उसवताना काम त्या दोऱ्यापाशी थांबतं आणि टाके परत सुईवर घेता येतात. दोऱ्याची दोन्ही टोकं वीतभर लांब सोडा. आखूड ठेवली तर उसवताना दोराच निघून येतो.